डाव्या अंगठ्यानं चालायचं

दुष्काळातल्या चारा छावणीत दुपारी काही काम नसतं. सकाळचा चारा, टँकरचं पाणी, शेण उचलणं झालं की जनावरं बसतात आणि त्यांच्याजवळ माणसंही बसतात. शिरूर कासार तालुक्यातल्या आमच्या आसपासच्या गावांची जनावरं एका माळावर आणून बांधली होती. डोक्यावर हिरवी शेडनेट, खाली मुरूम. शेडनेटमधून गाळून आलेल्या उन्हात सगळ्यांची तोंडं आजाऱ्यासारखी दिसायची. मी तिथं दोन गाई आणि एक कालवड घेऊन राहिले होते. नवरा आणि मुलगा ऊसतोडीला गेले होते. आमच्या घरातून त्याआधी कुणी कधी तोडीला गेलं नव्हतं.

मी गावातल्या महिला दूध संस्थेची चेअरमन होते. कागदावर तेव्हाही होतेच, फक्त दूध नव्हतं. दूध न्यायची गाडी बंद झाली, फॅट काढायच्या मशीनवर पोतं टाकून ठेवलं, कॅन घासून पालथे घातले ते तसेच राहिले. सहकारावर मी आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकलीत आणि माईक हातात आला तेव्हा ठोकलीतही. तालुक्यातली सूतगिरणी बंद, कारखाना एक वर्ष चालू तर दोन वर्षं बंद, पतसंस्थेला कुलूप. छावणीही एका सहकारी संस्थेनंच चालवायला घेतली होती आणि तिथं सकाळी चाऱ्याच्या गाडीपाशी जी ढकलाढकली चालायची ती बघून मला माझीच भाषणं आठवून हसू यायचं. तसलं हसू फार वेळ टिकत नाही.

तोडीला माणसं जोडीनं जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, आणि अर्ध्याला मुकादम सहसा नेत नाही. म्हणजे खरं तर माझ्या नवऱ्याबरोबर मी जायला हवं होतं. पण जनावरांजवळ कुणी राहायचं? म्हणून बापलेकाचा कोयता झाला. आयटीआय करून घरी बसलेला माझा मुलगा माझ्या जागी गेला. ट्रॅक्टर निघाला तेव्हा तो ट्रॉलीत भांड्याकुंड्यांवर बसून माझ्याकडं बघून हसला, आणि मी त्याला मफलर नीट बांध म्हणून ओरडले.

संक्रांतीपर्यंत तो स्वतः फोन करायचा. फार बोलायचा नाही. गाय काय म्हणती, पाणी आलं का, जेवलीस का, एवढंच. संक्रांतीनंतर त्याचा फोन येईनासा झाला. त्याच्या अण्णांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, यायचा.

मी म्हणायचे, पोराकडं द्या. तर कधी तो झोपलेला असायचा, कधी गाडी भरायला गेलेला, कधी पाण्याला. माझा नवरा खोटं बोलायला बसला की एकच वाक्य दोनदा म्हणतो. "सगळं बरं हाय गं, सगळं बरं हाय." मी त्याच्याबरोबर पंचवीस वर्षं काढलीत, मला कळणार नाही का? मुलाला फोन लावला तर वाजून वाजून बंद व्हायचा. त्याला काय झालंय, तो आहे कसा, हे मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. दुसरं काही नको होतं. गाय आटली, कालवडीच्या बरगड्या दिसायला लागल्या, त्याचंही मला तेव्हा काही वाटेनासं झालं होतं.

जाताना त्यानं आपला जुना, काच तडकलेला फोन माझ्याकडं ठेवला होता. त्यात त्याचा तो बंदुकीचा गेम होता. विमानातून उड्या मारायच्या, घरांतून बंदुका शोधायच्या, आणि शेवटी जो जिवंत राहील तो जिंकला. या गेमवरून मी त्याला घरात कमी बोललेली नाही. फोन चुलीत घालीन म्हणायचे. एका दुपारी छावणीच्या हापिसातून फोन चार्ज करून आणला आणि का कोण जाणे, त्या चित्रावर बोट ठेवलं. त्याचं बोट रोज जिथं लागायचं तिथं माझं लागावं, असंच काहीतरी मनात असेल.

गेम उघडला आणि क्षणभरात फोनमधून आवाज आला. "आलास का बे? कुठं मेलतास इतके दिवस?"

मी दचकले. मग रागच आला. म्हटलं, मी त्याची माय बोलतीय.

 मग तोच आवाज एकदम शाळेत शिरल्यासारखा झाला, नमस्कार काकू म्हणाला. तो धारूरच्या एका शाळेत कंत्राटी शिक्षक होता. वय तिशीच्या आसपास, सकाळची शाळा असल्यामुळं दुपारी मोकळा. त्याच्याबरोबर एक बाई होती, युसूफ वडगावला ब्यूटी पार्लर चालवणारी. दुष्काळात भुवया कोरायला कोण येतंय, म्हणून तीही दुपारी मोकळी. ती मला पहिल्या शब्दापासून मावशी म्हणायला लागली. हे दोघं आणि माझा मुलगा, अशी त्यांची तिघांची टोळी. एकमेकांना त्यांनी कधी समोरासमोर पाहिलं नव्हतं.

मी विचारलं, माझा मुलगा तुमच्याशी बोलतो का? तर नाही. संक्रांतीपासून तो तिकडंही आला नव्हता. गुरुजी म्हणाले, मेसेज टाकतो तो बघतो, उत्तर देत नाही. म्हणजे तिकडं माझ्यासारखीच वाट बघणारी आणखी दोन माणसं होती. मला बरं वाटलं नाही, पण एकटं वाटायचं कमी झालं.

मी म्हटलं, तो आला तर मला कसं कळेल? पार्लरवाली म्हणाली, मावशी, इथंच बसा की आमच्यात.

गुरुजींनी फोनवरूनच सांगत सांगत मला वेगळं खातं काढायला लावलं. नाव टाका म्हणाले. मी काय टाकणार? चेअरमन टाकलं. त्या दिवसापासून गुरुजी मला चेअरमन म्हणायला लागले, आणि पंचायत समितीतसुद्धा कुणी इतक्या आदरानं म्हटलं नव्हतं.

आता शिकायचं आलं. डाव्या अंगठ्यानं चालायचं, उजव्यानं बघायचं आणि गोळीही उजव्यानंच मारायची. ऐकायला सोपं आहे. मी चालायला लागले की आभाळाकडं बघायचे, खाली बघायला गेले की जागच्या जागी गरगर फिरायचे. भिंतीला नाक लावून चालत राहायचे आणि म्हणायचे, गुरुजी, रस्ता संपला. एकदा बंदूक कशी उडते ते बघायला गेले आणि पार्लरवालीलाच लोळवलं. ती पडल्या पडल्या म्हणाली, मावशी, नेम चांगला आहे.

मी मधे एकदा चुकून अनोळखी माणसांच्या टोळीत जाऊन पडले होते. त्यांनी माझं चालणं बघितलं, हिंदीत आईमाईवरून शिव्या दिल्या आणि मला एका शेडमध्ये सोडून निघून गेले. चाऱ्याच्या गाडीपाशी असतात तसलीच माणसं. त्यामुळं या दोघांचं वागणं मला कळेना. कुणी ओरडत नव्हतं. घरात शिरलं की पहिला सापडलेला लोखंडी टोप गुरुजी माझ्यापुढं टाकायचे, स्वतः उघड्या डोक्यानं फिरायचे. मी पडले की दोघं गोळ्या चुकवत परत यायचे आणि मला उठवायचे. विमानातून कुठं उतरायचं हेही मलाच विचारायचे, जिला त्या नकाशातलं एक गावही ठाऊक नव्हतं. मला चालणं जमेना तेव्हा गुरुजी कुठूनतरी जीप घेऊन आले. म्हणाले, चेअरमन, चालू नका. उजवीकडं दाराचं चित्र आहे, ते फक्त दाबा. मी दाबलं आणि जीपमध्ये जाऊन बसले.

एकदा मी विचारलं, हे असं कावून करता तुम्ही? माझ्यापायी रोज हरता.

पार्लरवाली म्हणाली, "मावशी, हा कायदा तुमच्या पोराचा हाय. नव्या माणसाला पहिला टोप, पडला तर उचलायचा, आन उतरायचं कुठं ते त्यानंच सांगायचं. मी आले तवा मला त्यानं दीड महिना जीपमधी फिरवलं."

माझा मुलगा. जो घरात मोबाइलवर लाइटबिल कसं भरायचं ते दुसऱ्यांदा विचारलं तर तोंड वाकडं करायचा. मी शेडनेटखाली बसले होते, शेजारच्या दावणीला एक म्हातारी गाय कण्हत होती, आणि माझं पोर कसं आहे हे मला युसूफ वडगावची एक अनोळखी बाई सांगत होती. मला खूप अभिमान वाटला आणि तेवढंच वाईट वाटलं.

गेममध्ये चार जणांची टोळी असते. आम्ही तिघंच खेळायचो. चौथी जागा भरली तर जिंकायला सोपं जातं, पण गुरुजी ती जागा भरू द्यायचे नाहीत.

माझी एक खोड मात्र कुणाला मोडता आली नाही. त्या नकाशात मधून एक नदी होती. थोडं चालायला यायला लागल्याबरोबर मी तिकडं जायला लागले. काठावर उभी राहायचे. पाणी हलायचं, त्याचा आवाजही यायचा. नदीकाठी आडोसा नसतो, लांबून कुणीही टिपतो, हे गुरुजींनी मला नकाशा दाखवून समजावलं होतं. मला समजलंही होतं. तरी दुसऱ्या दिवशी पाय तिकडंच. छावणीत माणशी किती कळशा ते ठरलेलं, टँकरच्या पाइपापाशी बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या, आणि इथं एवढं पाणी नुसतं वाहून चाललंय. मी उभी राहून बघायचे आणि कुणीतरी मला मारायचं. गुडघाभर पाण्यात शिरून मेले की मला त्याचं काही वाटायचं नाही. शेवटी त्या दोघांनी नाद सोडला. "चेअरमन पाण्यावर गेल्या, चला," असं म्हणून एक जण या अंगाला आणि एक त्या अंगाला पालथं पडून माझी राखण करायचे. राखण करता करता तेही मरायचे.

छावणीत चारा म्हणून ऊसच यायचा. तिकडं तोडलेला ऊस ट्रकनं इकडं जनावरांना. आमच्याच माणसांनी तोडलेला असेल, असं बाया म्हणायच्या. मी तो कोयत्यानं बारीक करून गाईला घालायचे. डाव्या हातात ऊस धरायचा, उजव्यानं घाव घालायचा. तोडीला जाऊन आलेल्या बाया मला ओरडायच्या, उसाकडं बघू नको, डाव्या हाताकडं बघ, चुकलेला घाव तिथंच येतो. त्यातल्या एकीच्या डाव्या करंगळीचं टोक नव्हतं. मी विचारलं नव्हतं, तिनं सांगितलं नव्हतं.

फाल्गुन लागला. नवऱ्याचं "सगळं बरं हाय" चालूच होतं. मी गुरुजींना म्हटलं, काहीतरी करा, त्याला बोलवा. गुरुजी म्हणाले, तुम्ही आहात असं कळवू का? मी नको म्हटलं. जो आईचा फोन उचलत नाही तो आई आहे म्हटल्यावर कशाला येईल? मग त्यांनी एवढाच मेसेज टाकला, की आपल्यात एक नवीन माणूस आलंय, त्याला अजून चालता येत नाही, आमच्याच्यानं शिकवणं होत नाही. वाचून उत्तर आलं नाही.

दोन-तीन दिवसांनी, दुपारच्याच वेळी, आम्ही विमानात बसायच्या तयारीत होतो आणि चौथ्या जागेवर कुणीतरी येऊन उभं राहिलं. पार्लरवालीनं श्वास घेतलेला मला ऐकू आला. गुरुजी म्हणाले, "आलास बे." बस, तेवढंच. पलीकडून हां एवढं आलं.

माझ्या मुलाचा आवाज. मी माझा माईक बंद केला आणि पदर तोंडात धरला. वर ऊन रणरणत होतं. पहिली गोष्ट माझ्या मनात आली ती ही, की या वेळेला तो उसाच्या फडात असायला पाहिजे.

त्यानं विचारलं, नवीन माणूस कोण? कुठं उतरायचंय त्याला? गुरुजी म्हणाले, त्यांचा माईक बिघडलाय, पण नदीजवळ उतरतात त्या रोज. आम्ही उतरलो. तो एका उघड्या शेतात पडला, आम्ही थोड्या लांब. सगळे त्याच्याकडं धावत गेलो. मीसुद्धा, सरळ, भिंतीला न धडकता. मला वाटलं, तो बघेल की आपल्या आईला चालता येतं, आणि मग आठवलं की त्याला ठाऊकच नाही.

तो उतरला तिथंच उभा होता.

गुरुजी म्हणाले, चल की. तो म्हणाला, नेटवर्क नाही, अडकलंय. पार्लरवाली म्हणाली, आमच्याकडं तर चालतंय. त्याचा माणूस मान फिरवून माझ्याकडं बघत होता. मग त्यानं जमिनीवरचा टोप उचलला आणि माझ्यापुढं टाकला. तेवढ्यात बांधामागून कुणीतरी माझ्यावर गोळी झाडली. माझा मुलगा गर्रकन वळला आणि एका झटक्यात त्यानं त्या माणसाला पाडलं. मग परत माझ्याकडं वळला. पाय जागचे हलले नाहीत.

नेटवर्क नसतं तर नेम कसा लागला असता?

बाकीच्या दोघांना काही कळलं नाही. त्यांना खेळता येऊन वर्षं झाली होती, कुठला अंगठा कशाला हे त्यांच्या आता लक्षातही नसायचं. मी नवीन होते. मला प्रत्येक पावलाला मनात म्हणावं लागायचं, डाव्यानं चाल, उजव्यानं बघ. हा बघत होता, वळत होता, गोळी मारत होता. चालत नव्हता. ऊस डाव्या हातात धरतात.

मी माईकचं बटण शोधायला लागले. सापडलं.

"डावा हात हाय का रे?" मी विचारलं.

 मागून कुठंतरी कोंबडा ओरडल्याचा आवाज आला, त्याच्या पाचटाच्या कोपीजवळचा असणार.

"माय?"

"मीच हाय. ते नवीन माणूस मीच."

 मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "हात हाय. अंगठा गेला." आणि थांबून, "अण्णा म्हणले सांगू नको. जनावरं सोडून पळत येईल म्हणले."

मी रडले नाही. रडले असते तर त्यानं फोन ठेवला असता. मी म्हटलं, दुखतं का? आता न्हाई म्हणाला. दवाखान्यात नेलं होतं का? नेलं होतं. जेवतोस का? जेवतो. हे सगळं आम्ही त्या उघड्या शेतात उभं राहून बोलत होतो आणि पार्लरवाली व गुरुजी आमच्या दोन बाजूंना पालथे पडून राखण करत होते. पार्लरवालीचं नाक ओढणं मधूनमधून ऐकू येत होतं.

गुरुजी उठले. म्हणाले, "थांब तिथंच. गाडी आणतो."

ते गेले आणि जीप घेऊन आले, अगदी त्याच्या बाजूला आणून लावली. मला सांगितलं होतं त्याच सुरात म्हणाले, चालू नको, उजवीकडं दार आहे, ते फक्त दाब. माझ्या मुलानं दाबलं. मी त्याच्या शेजारी बसले. पार्लरवाली पुढं बसली.

कुठं जायचं, गुरुजींनी विचारलं. मुलगा म्हणाला, नव्या माणसाला विचार.

मी म्हटलं, पाण्यावर.

नदीपाशी जीप उभी केली. या गेममध्ये एक मोठं वर्तुळ असतं. ते हळूहळू लहान होत जातं आणि जो बाहेर राहील तो काही न करता मरतो. नदी त्या दिवशी वर्तुळाबाहेर होती. गुरुजींनी एकदाच सांगितलं, चेअरमन, निघायला पाहिजे. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढं.

मुलगा पाण्याकडं तोंड करून बसला होता. त्यानं विचारलं, गाय दूध देती का? देती, मी म्हटलं. मग तो म्हणाला, "तू लई भारी चालायला शिकलीस, माय."

"शिकवणारे चांगले होते," मी म्हटलं. "तुला बी शिकवतेल."

तो हां म्हणाला. वर्तुळ मागून येताना दिसत होतं. जीप चालू होती, तिच्यात डिझेल होतं, गुरुजींचे दोन्ही अंगठे धड होते. कुणी हललं नाही.